पॉझिट्रॉनला हायड्रोकार्बनची रचना कुठल्या ऊर्जेला दिसते?

पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हेक्झेन, सायक्लोहेक्झेन आणि बेंझीन या तिन्हींत कार्बन सहाच. अणूंचे क्रॉस सेक्शन (पॉझिट्रॉनला अडवणारे परिणामी क्षेत्रफळ) नुसते बेरीज करून काढले, तर १०० ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) वर आकडे प्रयोगाशी बरे जुळतात. दोन-पाच ईव्हीला ते पार फसतात. खोलीच्या तापमानाला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होण्याचा दर तर हेक्झेनमध्ये बाकी दोघांच्या सहा-आठ पट निघतो. मग रेणूच्या रचनेतली नेमकी कोणती गोष्ट पॉझिट्रॉनच्या प्रकीर्णनावर (विखुरण्यावर) परिणाम करते? लांबी, शाखा, वलय की पाय-बंध (π-बंध, दुहेरी-तिहेरी बंधातला सैल भाग)?

उत्तर देण्याआधी उलट विचारावे लागते: कुठल्या ऊर्जेला? ‘रचना’ या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि पॉझिट्रॉन प्रत्येक ऊर्जापट्ट्यात त्यांतली एखाद-दुसरीच वाचतो. शेकडो ईव्हीला त्याला इलेक्ट्रॉनांची संख्या दिसते. दहा ईव्हीच्या आसपास आयनीभवन ऊर्जा दिसते. एक-दोन ईव्हीला ध्रुवीकरणक्षमता (इलेक्ट्रॉनांचा ढग किती सहज ताणला जातो ते) आणि थोडा आकार. अर्ध्या ईव्हीच्या खाली रेणूची कंपने. एका पट्ट्यातला नियम दुसऱ्यात लावला की घोळ होतो, आणि तुमच्या तीन रेणूंत तेच झाले आहे.

पाया आधी पक्का करू. पॉझिट्रॉन धन असल्यामुळे रेणूचे स्थिर विद्युतक्षेत्र त्याला केंद्रकांपासून दूर ढकलते. त्याच वेळी तो इलेक्ट्रॉनांचा ढग स्वतःकडे ओढतो आणि त्यातून ध्रुवीकरणाचे आकर्षण तयार होते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ही दोन्ही बले आकर्षक असतात, पॉझिट्रॉनच्या बाबतीत ती एकमेकांविरुद्ध जातात. त्यामुळे कमी ऊर्जेचे पॉझिट्रॉन-उत्तर हे दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून उरलेली लहान संख्या असते. ध्रुवीकरणात पाच टक्क्यांची चूक झाली तर इलेक्ट्रॉनच्या गणितात ती खपून जाते, इथे उत्तर दीडपट-दुप्पट बदलू शकते. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनांपासून वेगळा ओळखता येतो, म्हणून एकसारख्या कणांत असणारे विनिमय बल इथे नाही. त्याऐवजी एक नवीच गोष्ट येते: रेणूतला इलेक्ट्रॉन क्षणभर पॉझिट्रॉनशी जोडी जमवू पाहतो. ऊर्जा पुरेशी असेल तर खरे पॉझिट्रोनियम (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची बांधलेली जोडी) बाहेर पडते. नसेल तर ती जोडी ‘आभासी’ राहते, पण आकर्षणात भर घालून जाते.

शंभर ईव्हीच्या वर सांगण्यासारखे थोडेच आहे. तिथे एकूण क्रॉस सेक्शन मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या संख्येने ठरते, पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉनचे वक्र ऊर्जा वाढेल तसे एकमेकांच्या जवळ येतात आणि समघटकांतला (सूत्र तेच, रचना वेगळी अशा रेणूंतला) फरक मोजमापाच्या चुकीत बुडतो. प्रोपीन आणि सायक्लोप्रोपेन दोन्हींत २४ इलेक्ट्रॉन. ३०० ईव्हीला दोघांत फरक दिसला, तर आधी दाबमापक तपासावा. जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या गटाने १९८५ मध्ये हायड्रोकार्बनांची ५ ते ४०० ईव्ही दरम्यान दोन्ही कणांसाठी मोजमापे दिली. जपानमध्ये सुएओका आणि मोरी यांनी मिथेन, इथिलीन, इथेनपासून सुरुवात करून अशीच तुलना एक ईव्हीच्याही खाली नेली. जुन्या आकड्यांशी ताडून पाहायला हे संच आजही उपयोगी आहेत. मात्र त्यांची खालची टोके वापरताना काय सांभाळायचे ते पुढे येईल.

खाली उतरताना पहिला मोठा टप्पा पॉझिट्रोनियमचा. पॉझिट्रोनियमची बंधन ऊर्जा ६.८ ईव्ही, म्हणून ते तयार व्हायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे आयनीभवन ऊर्जा वजा ६.८. मिथेनला (१२.६) ती ५.८ येते, इथेनला ४.७, ॲसिटिलीनला ४.६, इथिलीनला ३.७, हेक्झेनला ३.३, सायक्लोहेक्झेनला ३.१, बेंझीनला २.४, नॅप्थॅलीनला १.३ आणि अँथ्रासीनला जेमतेम ०.६ ईव्ही. पेंटॅसीनची आयनीभवन ऊर्जाच ६.८ च्या खाली आहे, म्हणजे तिथे हा मार्ग शून्य ऊर्जेपासून उघडा! रचनेचा परिणाम इथे अगदी सरळ आहे. साखळी लांबवली, दुहेरी बंध घातला किंवा वलये जोडली की सर्वांत वरचा इलेक्ट्रॉन सैल होतो आणि उंबरठा खाली सरकतो. ५ ईव्हीला मिथेन आणि बेंझीन यांची तुलना करणे म्हणूनच फसवे आहे. मिथेनमध्ये पॉझिट्रोनियम अजून बंद आहे, बेंझीनमध्ये ते उंबरठ्याच्या दुप्पट ऊर्जेला जोरात चालू आहे. वक्र एकावर एक ठेवायचे तर आडव्या अक्षावर ऊर्जा न घेता ‘ऊर्जा वजा उंबरठा’ घेऊन पाहा, निम्मे गूढ तिथेच उकलते.

इलेक्ट्रॉनवर काम केलेले लोक पाय-बंधाबद्दल एक ठरावीक चूक करतात. इलेक्ट्रॉन-बेंझीन वक्रात १.१ ईव्हीच्या आसपास आणि इथिलीनमध्ये १.८ च्या आसपास जो ठळक उंचवटा दिसतो, तो रिकाम्या प्रतिबंधी पाय-कक्षेत इलेक्ट्रॉन क्षणभर अडकल्यामुळे. पॉझिट्रॉनला त्या कक्षेशी देणेघेणे नाही, त्यामुळे तो उंचवटा त्याच्या वक्रात नसतो. तसेच विनिमय नसल्याने एकेरी अवस्थेतून तिहेरी अवस्थेत उत्तेजन होत नाही. बेंझीनची ३.९ ईव्हीची तिहेरी पातळी पॉझिट्रॉनसाठी नसल्यातच जमा. पाय-बंध त्याला दिसतो तो तीन वाटांनी: आयनीभवन ऊर्जा घटते, ध्रुवीकरणक्षमता वाढते, आणि पाय-ढग केंद्रकांच्या प्रतलाबाहेर पसरलेला असल्याने पॉझिट्रॉनला केंद्रकांचे फारसे ढकलणे न सोसता इलेक्ट्रॉनांजवळ जाता येते. आभासी पॉझिट्रोनियम अशा ठिकाणी जास्त जमते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये बहुकण सिद्धांताने रेणूंच्या बंधन ऊर्जा काढल्या. त्यांत कुठली कक्षा किती वाटा उचलते हे वेगळे काढता आले आणि पाय-कक्षांचे वजन स्पष्ट झाले.

उंबरठ्याच्या खाली, साधारण अर्धा ईव्हीपर्यंत, फक्त लवचीक प्रकीर्णन आणि थोडे घूर्णन-कंपन उरते. इथे ध्रुवीकरणक्षमतेचे राज्य आहे. घन अँगस्ट्रॉममध्ये मिथेन २.६, इथिलीन ४.२, इथेन ४.४, प्रोपेन ६.३, ब्युटेन ८.२, बेंझीन १०.३, हेक्झेन ११.९. आकर्षण वाढत जाते तसा रेणू पॉझिट्रॉनला बांधून ठेवण्याच्या जवळ येतो. मिथेन आणि इथेन या उंबऱ्यावर उभे आहेत: बांधत नाहीत, पण ‘जवळपास बांधतात’, आणि त्यामुळे ऊर्जा शून्याकडे जाताना क्रॉस सेक्शन चढत जाते. बंधन कमकुवत असलेल्या रेणूतही हेच होते. म्हणून नुसत्या एकूण क्रॉस सेक्शनवरून रेणू बांधतो की नाही हे कळत नाही, कारण सूत्रात प्रकीर्णन-लांबीचा (बंधन आहे की नाही त्यानुसार जिचे चिन्ह बदलते त्या मापाचा) वर्ग येतो आणि चिन्ह हरवते. डायपोल मोमेंट (रेणूतल्या धन-ऋण भारांचा कायमचा विलगपणा, एकक डिबाय) असेल तर आणखी एक थर चढतो. प्रोपाइनला ०.७८ डिबाय, प्रोपीनला ०.३७, ॲलीन आणि सायक्लोप्रोपेनला शून्य. ध्रुवीय रेणू अगदी पुढच्या कोनांत पुष्कळ प्रकीर्णन करतो, आणि नेमके तेच कोन प्रयोगात निसटतात.

आता सर्वांत खालचा पट्टा. रचनेची खरी गंमत इथे आहे.

पॉझिट्रॉन वायूत किती वेगाने नष्ट होतो हे झेड-इफेक्टिव्ह या संख्येने सांगतात. रेणूतले इलेक्ट्रॉन स्वतंत्र आणि मोकळे असते, तर ही संख्या त्यांच्या मोजणीइतकी आली असती. १९६३ मध्ये पॉल आणि सेंट-पियर यांनी दाखवले की हायड्रोकार्बन वायूंत ती कितीतरी जास्त येते. पुढे अमेरिकेतल्या क्लिफर्ड सुर्को यांच्या गटाने सापळ्यात थंड केलेले पॉझिट्रॉन वापरून मोठमोठ्या रेणूंचे आकडे काढले. खोलीच्या तापमानाला मिथेन (१० इलेक्ट्रॉन) १४२, इथेन ६६०, प्रोपेन ३,५००, ब्युटेन ११,०००, हेक्झेन १,२०,०००, आणि अँथ्रासीन ४० लाखांच्या वर. हेक्झेनमध्ये इलेक्ट्रॉन ५०, म्हणजे वाढ दोन हजारांहून जास्त पट. हीच सहा कार्बनांची साखळी पूर्ण फ्लोरिनेट केली की १६२ इलेक्ट्रॉन असूनही संख्या ५०० च्या आसपास घसरते.

नुसत्या सरळ टकरीने हे होत नाही. ती वाट कितीही ताणली तरी खोलीच्या तापमानाला हजाराच्या आसपास थांबते. मिथेन-इथेन त्या मर्यादेत बसतात, प्रोपेनपासून पुढचे बसत नाहीत. पॉझिट्रॉन आपली ऊर्जा रेणूच्या एखाद्या कंपनाला देऊन टाकतो आणि स्वतः बंधित अवस्थेत पडतो. काही काळ तो रेणूला चिकटून राहतो आणि त्या काळात नष्ट होण्याची संधी वाढते. हे कंपनाश्रित अनुस्पंदन. अट एकच:

येणाऱ्या पॉझिट्रॉनची ऊर्जा = कंपनाची ऊर्जा − बंधन ऊर्जा.

अल्केनांत कार्बन-हायड्रोजन ताण-कंपन ३६५ मिलीईव्हीच्या आसपास असते. हेक्झेनचे शिखर २८५ ला दिसते, म्हणून बंधन ऊर्जा ८०. ब्युटेनमध्ये शिखर ३३० ला, बंधन ३५. प्रोपेनमध्ये बंधन जेमतेम १०. नोनेनमध्ये १४५, डोडेकेनमध्ये २२०. शिखर खाली सरकत जाताना पाहणे म्हणजे बंधन ऊर्जा थेट मोजणे, आणि २००२ नंतरच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे. डोडेकेनपासून पुढे दुसरी बंधित अवस्थाही हजेरी लावते. तिची बंधन ऊर्जा सुरुवातीला शून्याजवळ, त्यामुळे तिचे शिखर पुन्हा मूळ ताण-कंपनाच्या जागीच उगवते. नवख्याला वाटते की आपल्या नमुन्यात मिथेनसारखे काहीतरी मिसळले आहे.

बंधन ऊर्जेचा अंदाज बांधायला सुर्को गटाचे अनुभवजन्य सूत्र हाताशी ठेवावे. ध्रुवीकरणक्षमता (घन अँगस्ट्रॉममध्ये) घ्या, डायपोल मोमेंटची (डिबायमध्ये) १.६ पट त्यात मिळवा, बेरजेतून ५.६ वजा करा आणि उरलेल्याला १२.४ ने गुणा; उत्तर मिलीईव्हीमध्ये येते. हेक्झेनसाठी ११.९ वजा ५.६ म्हणजे ६.३, गुणिले १२.४, म्हणजे ७८. मोजलेले ८०. प्रोपेनला ९ येते. इथेनला उत्तर ऋण, म्हणजे बंधन नाही. साखळी अल्केनांना हे सूत्र छान बसते. बेंझीनला मात्र ते ६० च्या आसपास देते आणि प्रयोगातला आकडा त्याहून बराच वर, १५० च्या जवळ येतो. सपाट सुगंधी रेणूंत सूत्रावर विसंबू नका. ते सरळ रेषा जुळवून काढलेले आहे आणि त्यात आकार कुठेच नाही.

शिखर खरोखर कार्बन-हायड्रोजनचेच आहे ना, हे पडताळायचा सर्वांत खात्रीचा उपाय ड्युटेरियम. इलेक्ट्रॉनांची रचना तीच राहते, म्हणून बंधन ऊर्जा तीच. कंपन मात्र २७० च्या आसपास उतरते. नोनेनचे शिखर २२० वरून १२५ ला येते. दोन शिखरांतले अंतर दोन कंपनांतल्या अंतराइतके निघाले की शंका संपली. फ्लोरीनचा प्रयोग याच्या उलट शिकवतो. हेक्झेनच्या टोकाच्या एका हायड्रोजनजागी फ्लोरीन बसवला तर बंधन ऊर्जा जवळपास तीच राहते, पण शिखर बरेच खुजे होते. अडकलेला पॉझिट्रॉन दुसऱ्या कंपनाकडून ऊर्जा परत घेऊन निसटतो, नष्ट होण्याआधीच. बांधणे आणि बांधून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर ध्रुवीकरणक्षमतेची सत्ता चालते, दुसरी कंपनांच्या आपसातल्या जोडणीवर अवलंबून असते. लांब साखळीत एका कंपनात आलेली ऊर्जा शेजारच्या डझनावारी कंपनांत झिरपते, पॉझिट्रॉन जास्त वेळ अडकतो आणि दर साखळीच्या लांबीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो.

तुमच्या तीन रेणूंचे कोडे इथे सुटते. हेक्झेन १,२०,०००, सायक्लोहेक्झेन २०,००० च्या आसपास, बेंझीन १५ ते १८ हजार. बेंझीनची बंधन ऊर्जा तिघांत ठळकपणे जास्त असूनही दर तळाशी! कारण हे खोलीच्या तापमानाचे आकडे आहेत. तिथे पॉझिट्रॉनची ऊर्जा २५ ते ४० मिलीईव्ही. अटीत घालून पाहा: हेक्झेनमध्ये या पॉझिट्रॉनला जुळणारी कंपने १०० ते १२० मिलीईव्हीची हवीत, म्हणजे कार्बन-कार्बन ताण आणि मिथिलीन गटांचे डोलणे. साखळीत अशी कंपने दाटीने आहेत. बेंझीनमध्ये १७५ ते १९० ची लागतात, आणि घट्ट, सममित वलयात त्या पट्ट्यात फार थोडी कंपने आहेत. सममितीने त्यांतली काही अवरक्त-निष्क्रियही ठरतात, म्हणजे पॉझिट्रॉनशी त्यांची सरळ जोडणी कमकुवत. पेंटेनच्या समघटकांत हाच धडा: साधे आणि आयसोपेंटेन ४० ते ५० हजार, चेंडूसारखे निओपेंटेन त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून खोलीच्या तापमानाच्या एका संख्येवरून दोन रचनांची तुलना करू नये. ऊर्जेनुसार काढलेला वक्र हवा.

असा वक्र काढायला काय लागते ते पाहू. सोडियम-२२ चा स्रोत (अर्धायुष्य २.६ वर्षे), त्याचे पॉझिट्रॉन ५४५ किलोईव्हीपर्यंतच्या ऊर्जेने निघतात. ते मंद करायला टंगस्टनची पत्री किंवा ७-८ केल्व्हिनला गोठवलेला निऑन. निऑनची कार्यक्षमता शेकड्याला अर्ध्या-एकापर्यंत जाते, टंगस्टन त्याच्या मागे राहतो, पण त्याला शीतकरण लागत नाही. एवढ्यावर थांबलात तर झोताचा ऊर्जाविस्तार पाव ते एक ईव्ही. ध्रुवीकरणाचा पट्टा त्याने पाहता येतो, कंपनांचा नाही. पुढे वायू-सापळा लावला की विस्तार २५ ते ४० मिलीईव्हीवर येतो. हा सापळा स्वतःच रेणूरचनेच्या एका योगायोगावर चालतो: नायट्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनिक उत्तेजन ८.६ ईव्हीला सुरू होते आणि पॉझिट्रोनियम ८.८ ला. त्या चिंचोळ्या फटीत ऊर्जा गमावून पॉझिट्रॉन अडकतो. शेवटच्या टप्प्यात कार्बन टेट्राफ्लोराइड त्याला खोलीच्या तापमानापर्यंत थंड करते, कारण त्याचे १५९ मिलीईव्हीचे कंपन अवरक्तात अतिशय सक्रिय आहे.

मुंबईत ट्रॉम्बेला भाभा केंद्रात पॉझिट्रॉनवर काम चालते, पण ते मुख्यतः घन पदार्थ आणि पॉलिमर यांतल्या पोकळ्या मोजण्याचे. तिथली आयुर्मानाची पद्धत जशीच्या तशी विरळ वायूला लावता येत नाही.

वायूची घनता ठरवताना क्षीणन (वायूतून जाताना झोतात होणारी घट) दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. क्रॉस सेक्शन २० चौरस अँगस्ट्रॉम आणि कोठडी २० सेंटिमीटर असेल, तर घन सेंटिमीटरला अडीच लाख कोटी रेणू लागतात, म्हणजे सुमारे ०.०१ पास्कल. याहून बरेच जास्त भरले की दुहेरी टकरी मोजल्या जातात. दाबमापकाचे डोके ४५ अंशांवर तापवलेले आणि कोठडी खोलीच्या तापमानाला असेल, तर कमी दाबाला वाचन तीन टक्क्यांपर्यंत चुकते. ही दुरुस्ती विसरलेले निकाल अगदी ‘गुळगुळीत’ दिसतात, कारण सगळे बिंदू एकत्रच सरकतात.

पुढच्या कोनातली गळती हा सर्वांत महागात पडणारा दोष. अक्षीय चुंबकीय क्षेत्रात प्रकीर्णित पॉझिट्रॉन झोतातच राहतो, फक्त त्याची समांतर ऊर्जा कमी होते. विश्लेषक ७० मिलीईव्हीपेक्षा कमी तूट ओळखू शकत नसेल, तर १० ईव्हीला ५ अंशांच्या आतले, १ ईव्हीला १५ अंशांच्या आतले आणि अर्ध्या ईव्हीला २२ अंशांच्या आतले सगळे प्रकीर्णन ‘झालेच नाही’ असे धरले जाते. मागे उसळून सापळ्याच्या दारावरून परत आलेल्यांचेही तेच. गळतीमुळे क्रॉस सेक्शन नेहमी कमीच येते, आणि ज्या रेणूचे प्रकीर्णन पुढे जास्त झुकलेले त्याचे सर्वांत जास्त कमी येते. म्हणजे दोष स्वतःच रचनेवर अवलंबून! प्रोपाइन आणि ॲलीन यांतला खरा फरक यात अर्धा गिळला जाऊ शकतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडताना आधी दोघांचा निसटता कोन पाहा, मग भांडा. दुरुस्ती करायची तर सिद्धांताचे कोनीय वितरण घेऊन त्या शंकूतला भाग मिळवतात. दुरुस्त आणि अदुरुस्त दोन्ही आकडे छापणे हाच सभ्यपणा.

नष्ट होण्याचा दर मोजताना शुद्धता जीव खाते. मिथेनमध्ये हेक्झेन-जातीचा एक हजारांश भाग मिसळला तर तो १२० ची भर घालतो, म्हणजे मिथेनचे १४२ जवळपास दुप्पट. पंपाच्या तेलाची वाफ याहून वाईट. दहा लाख झेड-इफेक्टिव्ह असलेली वाफ टॉरच्या (दाबाचे एकक) एक अब्जांश दाबाला असली, तरी पॉझिट्रॉनचे आयुष्य चार सेकंदांवर येते. त्याच दाबाच्या नायट्रोजनमध्ये ते दीड दिवस टिकले असते. तेलविरहित पंप, तापवून शुद्ध केलेली कोठडी आणि दोन रेणूंमध्ये भिंती पुरेशा कोरड्या होईपर्यंत थांबणे, याला पर्याय नाही. हलक्या रेणूपासून जड रेणूकडे जा, उलट नको. द्रव नमुना गोठवून, पंप करून, वितळवून, पुन्हा गोठवून असे तीन-चार फेरे करा, नाहीतर विरघळलेली हवा दाबात मोजली जाते आणि दर कमी येतो. नॅप्थॅलीनचा बाष्पदाब खोलीत टॉरच्या दहाव्या भागाइतका, तो पुरतो. अँथ्रासीनला कोठडी आणि नळ्या दोन्ही तापवाव्या लागतात. एखादा सांधा थंड राहिला की वाफ तिथे बसते आणि दाबमापक मजेत खोटे बोलतो.

ऊर्जेचा शून्यबिंदू धातूंच्या संपर्क-विभवामुळे सरकतो. पॉझिट्रॉनसाठी चांगली खूण म्हणजे आर्गॉनमधला पॉझिट्रोनियमचा उंबरठा, ८.९६ ईव्ही. मिलीईव्हीच्या अचूकतेला ती पुरत नाही. तिथे वायूविना काढलेला थांबविभवाचा (झोत रोखायला लागणाऱ्या व्होल्टेजचा) वक्र रोज घ्यावा. सापळ्यातल्या झोतात काटकोनातली ऊर्जा खोलीच्या तापमानाची, सुमारे २५ मिलीईव्ही, असते. त्यामुळे समांतर ऊर्जेवर काढलेले शिखर खऱ्या जागेच्या खाली दिसते आणि त्याला कमी ऊर्जेकडे शेपूट येते. ते नुसत्या डोळ्यांनी वाचून बंधन ऊर्जा काढलीत तर ती काही मिलीईव्हीने फुगते. झोताचा आकार धरूनच जुळवणी करा.

आता गणिताकडे. अणूंची बेरीज ३०-५० ईव्हीच्या वर चालते, तीही अणू एकमेकांवर सावली धरतात याची दुरुस्ती करून. माद्रिदच्या ब्लांको आणि गार्सिया यांची पद्धत त्यासाठी सर्रास वापरतात. धनबादच्या आयआयटी (आयएसएम) मधल्या बॉबी अँटनी यांच्या गटाने गोलीय मिश्र-विभवाच्या (रेणू गोल धरून शोषणही मोजणाऱ्या विभवाच्या) वाटेने अनेक रेणूंचे आकडे काढले आहेत. भारतातल्या विद्यार्थ्याने ही वाट धरणे सोयीचे, संगणक फार लागत नाही. या वाटेवर दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, इलेक्ट्रॉनसाठी लिहिलेले सहसंबंध-ध्रुवीकरण विभव तसेच उचलले जाते. पॉझिट्रॉनला वेगळे विभव लागते, कारण त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन गोळा होतात, दूर पळत नाहीत. दोन, शोषणाचा उंबरठा. तो पॉझिट्रोनियमच्या उंबरठ्यावर कायम ठेवला तर वरच्या ऊर्जेला शोषण फुगते. उत्तेजनाच्या उंबरठ्यावर ठेवला तर मधली फट रिकामी राहते आणि पॉझिट्रोनियमच गायब होते. तो ऊर्जेबरोबर पहिल्यापासून दुसऱ्याकडे सरकत जाईल असा ठेवावा, आणि किती वेगाने सरकवला हे लेखात लिहावे, कारण ती एक मोकळी किल्लीच आहे.

पॉझिट्रोनियमच्या उंबरठ्याखाली मात्र गोलीय विभवाकडून रचनेची अपेक्षा करू नये. अल्केनांत ध्रुवीकरणक्षमता दर मिथिलीन गटाला सुमारे १.८ ने वाढते. बेरीज आणि गोल विभव दोन्ही हे टिपतात. पण समघटकांची ती बेरीज सारखीच असते, म्हणून त्यांतला फरक त्या गणितात शिरतच नाही. प्रत्येक अणूवर स्वतंत्र मागे ढकलणारे केंद्र आणि कापलेले ध्रुवीकरण ठेवणारी प्रारूपे साखळी, शाखा आणि वलय यांतला फरक दाखवू शकतात, आणि अल्केनांच्या बंधन ऊर्जा प्रयोगाच्या फार जवळ देतात.

सुरुवात करायची असेल तर प्रोपीन आणि सायक्लोप्रोपेन ही जोडी घ्या. दोघांची आयनीभवन ऊर्जा ९.७ आणि ९.९, ध्रुवीकरणक्षमता ६.३ आणि ५.७, इलेक्ट्रॉन सारखे. उंबरठे २.९ आणि ३.१ ला, म्हणजे वरचा पट्टा जवळपास एकच. प्रोपीनकडे पाय-बंध आणि छोटा डायपोल आहे, सायक्लोप्रोपेनकडे दोन्ही नाहीत. १ ते ३ ईव्हीमध्ये जो फरक उरेल त्याला पाय-बंध, ध्रुवीकरणक्षमता, डायपोल आणि आकार यांशिवाय पाचवा वाली नाही. त्यातून डायपोलचा वाटा निसटत्या कोनाच्या दुरुस्तीने वेगळा काढता येतो. दोन्ही वायू एकाच दिवशी, एकाच दाबमापकावर आलटूनपालटून मोजा आणि गुणोत्तर छापा. दाबाची आणि कोठडीच्या लांबीची चूक त्यात आपोआप कटते.